अखंड पान

"मंग चौकातला फ्लेक्स आता म्या काय चावून खाऊ?" प्रसेनजितचा आवाज अंगणापार गेला.

"खाऊ नका. उतरवा," मंजुश्री म्हणाली.

"उतरवा म्हणे! तुह्या एकटीचा हाय का तो? खाली बारा जणांचे फोटो हायेत, हात जोडून. त्याइले काय सांगू? बायकोचं डोस्कं फिरलं म्हणून?"

"सांगा. नाहीतरी तुम्ही तसंच समजून राह्यले."

खाटेवर बसलेल्या बेबीताईंनी उद्यासाठी काढलेल्या पांढऱ्या पातळाची घडी पुन्हा एकदा उलगडली आणि पुन्हा घातली. सुनेचा आणि लेकाचा वाद चालला की म्हातारीच्या हाताला असलं काहीतरी लागायचं.

"अवं, पण झालं काय ते तं सांग," त्या म्हणाल्या. "काल बिलाउज घालून पाह्यला, बाह्या आखूड तं नाही झाल्या म्हणून मले इचारलं. आज कॉलेजातून आली तं तोंड असं काऊन? उद्या साता वाजता गाडी येऊन उभी राहीन दारात."

उद्या रविवारी शेगावच्या एका लॉजच्या सभागृहात मंजुश्रीचा सत्कार होता. दिल्लीच्या एका प्रकाशन कंपनीचा 'अखंड वाचन सन्मान'. ही कंपनी पुस्तकं छापत नसे. प्राध्यापकांचे संशोधनलेख असलेली इंग्रजी नियतकालिकं काढी आणि कॉलेजांच्या ग्रंथालयांना वर्गणीवर विकी. सत्काराला विदर्भातले शंभरेक ग्रंथपाल यायचे होते. घरातून अकरा माणसं जाणार होती. त्यांच्या गावी, वरवट बकालच्या चौकात, तिचा फोटो लागला होता, गळ्यात न घातलेला हार कॉम्प्युटरवर घालून.

आणि आज दुपारी कॉलेजच्या टपालात उद्या वाटायची रंगीत पुस्तिका आली होती. ती मंजुश्रीच्या मांडीवर पान पाचवर उघडी पडली होती.

मंजुश्री चोवीस वर्षं बारा किलोमीटरवरच्या मुलींच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. म्हणजे लोकांच्या भाषेत 'लायब्ररीवाल्या मॅडम'. स्टाफ मीटिंगमध्ये तिची खुर्ची पाण्याच्या माठाशेजारी. ज्याला तहान लागे तो तिच्या डोक्यावरून हात नेऊन पेला उचली. पगाराच्या दिवशी एखादे सर हमखास म्हणत, "तुमचं बरं आहे मॅडम, बसून तर राहायचं." पुस्तकं कोणती घ्यायची ते विभागप्रमुख ठरवत, कपाटं कुठे ठेवायची ते संस्थेचे सचिव ठरवत, आणि वाळवी लागली की तेवढी मॅडमची.

काम ती बापाकडून शिकली होती. जानराव लोणारच्या एका सार्वजनिक वाचनालयात शिपाई होते. शिक्का मारायचं काम त्यांचं. पहिल्या पानावर शिक्का तर सगळेच मारतात, पण चोर पहिलं पान फाडतो, शेवटचं फाडतो. म्हणून मधलं एक पान ठरवून ठेवायचं, कोणाला सांगायचं नाही, प्रत्येक पुस्तकात त्याच पानावर दुसरा शिक्का. त्याला गुप्त पान म्हणतात. जानरावांचं सदतीस होतं. लेकीनं तेच घेतलं. कसर लागू नये म्हणून ते त्या पानात कडुनिंबाचं वाळकं पान ठेवत. लेकीनं तेही घेतलं आणि त्यात स्वतःची एक भर घातली. वाळकं पान फार नाजूक असतं. अंक कोणी उघडून चाळला की ते मोडतंच. वर्षअखेर ती प्रत्येक अंक सदतीसाव्या पानावर उघडे आणि एका रजिस्टरात लिही: 'अखंड पान' किंवा 'मोडलं पान'. अखंड म्हणजे वर्षभर कोणी हात लावला नाही. ग्रंथालयात काय चालतं आणि काय नुसतं मिरवायला ठेवलंय, हे तिला त्या रजिस्टरावरून कळे. दुसऱ्या कोणी ते रजिस्टर कधी मागितलं नाही.

मागितलं ते दीपकनं.

दीपक तिचा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा आठ वर्षांचा होता. तिच्याच ताटात जेवला, तिच्याच हाताखाली पाढे शिकला. वहिनीचं पाहून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि पाच वर्षं 'जागा निघणार आहे' हे ऐकत ओट्यावर बसला. शेवटी या दिल्लीच्या कंपनीत लागला. गावोगावच्या कॉलेजांत जाऊन नियतकालिकं खपवायची. पहिले सहा महिने त्याला कुठे कोणी बस म्हटलं नाही. एका संध्याकाळी तो चुलीजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, मले कोणी दारात उभं नाही करून राह्यलं."

मंजुश्री भाकरी थापत होती. थापता थापता तिनं त्याला सारं शिकवलं.

"पहिले तं प्राचार्याच्या केबिनीत जाऊ नको. तिथून खाली आला की आमी समजतो, हा साहेबाचा हुकूम घेऊन आला. मंग आमी फाइल अशी हरवतो की दिल्लीले सापडत नाही. सीधा ग्रंथपालाकडे जा. कॅटलॉग टेबलावर आपटू नको, त्याच्या कागदात आमी भजे बांधतो. दोन खरे अंक ने. प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नको. अन् बे, तू बोलू नको. इचार. कोणते अंक उशिरा येतात, कोणते हरवले, पोरी काय मागतात. आमाले कोणी काहीच इचारत नाही रे. एवढं इचारलं तरी माणूस खुर्ची देते, चहा सांगते."

दीपक एका जुन्या वहीत लिहून घेत होता.

"अन् शेवटचं," ती भाकरी उलटत म्हणाली, "ग्रंथपाल प्राचार्याचं मनापासून ऐकत नाही, कंपनीचं तं नाहीच नाही. ग्रंथपाल ऐकते दुसऱ्या ग्रंथपालाचं."

ती बोलली आणि विसरली. दीपक विसरला नाही. दोन वर्षांत तो पाच जिल्ह्यांचा माणूस झाला. ग्रंथपालांच्या गुडघेदुखीची त्याला माहिती, त्यांच्या पोरापोरींच्या निकालाला त्याचा फोन, ग्रंथपाल दिनाला पेन आणि फुलं. डिसेंबरात त्याचं लग्न ठरलं होतं, आणि मुलीकडच्यांनी मुलाआधी नोकरी पाहिली होती.

त्याची पहिली ऑर्डर मंजुश्रीनंच दिली होती. नावात 'आंतरराष्ट्रीय' असलेली सहा त्रैमासिकं. त्यासाठी मुली रांग लावून वाचत ती स्पर्धा परीक्षेची दोन मासिकं तिनं बंद केली. तेव्हा ती स्वतःशी म्हणाली, एक वर्षाचाच प्रश्न आहे. मग दुसरं वर्षही झालं.

"कोणाचं काय नुकसान झालं ते तं सांग," प्रसेनजित आता खाली बसला होता, पण आवाज उभाच होता. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. घरातही फळ्यासमोर असल्यासारखा बोले. "चोवीस वर्षांत कोण्या माणसानं तुह्या गयात एक हार घातला का? आता घालून राह्यले तं हिची मान आखडली."

हे मंजुश्रीला लागलं, कारण खरं होतं. फ्लेक्स लागला त्या दिवशी एसटीतून उतरल्यावर ती चपलेचा पट्टा नीट करायच्या मिषानं चौकात थांबली होती. दोनदा. कंडक्टरनं पहिल्यांदा 'या मॅडम' म्हणून बसायला जागा करून दिली, तेही तिला आवडलं होतं. ते सारं तिनं आज दुपारी पान पाच वाचेपर्यंत जपून ठेवलं होतं.

अंगणात मोटारसायकल थांबली. दीपक आत आला, हातात उद्याचे बिल्ले, लाल फिती लावलेले.

"वहिनी, तुमचा बिल्ला सगळ्यात मोठा हाय. आई, तुहाही हाय, 'सन्मानित पाहुणे'…"

त्याची नजर तिच्या मांडीवरच्या पुस्तिकेवर गेली.

"बसा, भाऊजी," मंजुश्री म्हणाली.

या घरात तिनं दीपकला भाऊजी म्हटलं होतं ते फक्त पाहुण्यांसमोर.

"हे पान पाच वाचून दाखवा. आईले समजीन असं, मराठीत सांगा."

"वहिनी, उद्या…"

"वाचा."

दीपकनं पुस्तिका घेतली. दाराकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग शाळेतल्यासारखा वाचू लागला. "'ग्रामीण भागातल्या मुलींच्या या ग्रंथालयात आमच्या अठ्ठेचाळीस अंकांपैकी पंचेचाळीस अंक अखंड, म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, वाचले गेले. विद्यार्थिनी नव्या अंकाची आतुरतेनं वाट पाहतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रंथपालानं ही नियतकालिकं घ्यावीत, अशी मी शिफारस करते.' खाली तुमचं नाव हाय."

"सही हाय."

"हो. सही हाय."

"आता आईले सांगा, माह्या रजिस्टरात अखंड पान कशाले म्हणतात."

दीपकनं पुस्तिका मिटली.

"पाढे म्हणायले लावू का?"

"निंबाचं पान," तो म्हणाला. "मोडलेलं नाही ते."

"म्हणजे?"

"म्हणजे… अंक कोणी उघडला नाही."

बेबीताईंच्या हातातली घडी थांबली. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांना हिशेब लवकर कळे. "म्हणजे जे पंचेचाळीस कोणीच उघडून नाही पाह्यले, तेच सारे वाचले म्हणून छापलं?"

"अन् उरलेल्या तिनातलं पान मोडलं होतं ना," मंजुश्री म्हणाली. "तेही सांगते. एक तपासणी समितीनं फोटोसाठी उघडला. एक अर्थशास्त्राच्या सरांनी, त्यात सोताचं नाव छापून आलं का ते पाहाले. अन् एक उंदरानं. उंदीर तेवढा पार आतलोक गेलता."

प्रसेनजितला हसू येऊ लागलं होतं, ते त्यानं खोकल्यात घातलं.

"चूक दिल्लीच्या पोरीची झाली, वहिनी," दीपक घाईनं म्हणाला. "म्या फक्त रजिस्टरचा फोटो पाठवला होता. साहेबानं इचारलं, वाचनाचा काही पुरावा हाय का, तं म्या म्हटलं आमच्या वहिनीसारखी नोंद कोणी ठेवत नाही. कौतुकानं पाठवला, खरंच. तिथल्या पोरीनं शब्दकोशात पाह्यलं. पान म्हणजे पुस्तकाचं पान. अखंड म्हणजे पूर्ण. तिले काय मालूम इथं निंब असते म्हणून?"

"अन् छापायच्या आधी तुमच्याकडे आलं नव्हतं?"

"आलं होतं."

"मंग?"

"मंग काय सांगू साहेबाले? निंबाचा पाला? तोलोक त्यानं तुमचं नाव सन्मानाले घेतलं होतं. सभागृह ठरलं होतं. अन् मले…" तो थांबला. "मले पूर्ण विदर्भ देणार होते."

"अन् हे पान पाचवर छापलेलं पत्र? माह्या कॉलेजच्या कागदावर?"

दीपकनं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "पत्रावर सही तं तुम्हीच केली, वहिनी. म्या हात धरून नाही केली."

तेही खरं होतं. उन्हाळ्याआधीची गोष्ट. ती नव्या अंकांवर शिक्के मारत बसली होती. दीपकनं अंक मिळाल्याच्या पोचा पुढे केल्या, आणि "वहिनी, हेही" म्हणून आणखी एक कागद. इंग्रजीत होता, इंग्रजी तिला येत होतं. 'आमच्या ग्रंथालयात ही नियतकालिके नियमित येतात' एवढी पहिली ओळ तिनं वाचली. ती खरी होती. सही केली. खोटं दुसऱ्या ओळीपासून सुरू होत होतं. आल्या-गेल्या प्रत्येक अंकाचं सदतीसावं पान उघडून पाहणारी बाई, तिनं स्वतःच्या नावाचा कागद दुसऱ्या ओळीपर्यंत वाचला नाही. दीर होता. तिच्या ताटात जेवलेला.

"तुम्हीच शिकवलं होतं ना?" दीपकचा आवाज आता चढला, अपराधी माणसाचा चढतो तसा. "ग्रंथपाल दुसऱ्या ग्रंथपालाचंच ऐकते म्हणून? म्या बाहेरचं काय केलं? तुमचं नाव सांगितलं की कोणी पुढचा प्रश्न नाही इचारत. मेहकरले नाही इचारत, मलकापूरले नाही इचारत. एकोणतीस ग्रंथालयांनी तुमच्या पत्रावर वर्गणी भरली, मालूम हाय? एवढी किंमत हाय तुमच्या शब्दाची. तिथं तुमच्या कॉलेजात तं माठाजवळ बसवतात."

हे सांगायला नको होतं, हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. मंजुश्रीला एकोणतीसचा आकडा माहीत नव्हता. तिला वाटलं होतं, पुस्तिका उद्या वाटणार आहेत. पत्र तर आधीपासून फिरत होतं.

प्रसेनजितनं संधी साधली. "पाह्य मंजू, झालं ते झालं. उद्या जाऊ, शाल घेऊ, फोटो काढू अन् घरी येऊ. सोमवारी पाहिजे तं याचे दोन कान उपट. पोराचं डिसेंबरात लग्न हाय. त्याच्या नोकरीवर गोटा टाकून तुले काय भेटीन?"

"हाव वं," बेबीताई म्हणाल्या, पण नेहमीसारख्या ठामपणे नाही. "घरातली गोष्ट घरात ठेवली की कुजत नाही."

मंजुश्री काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. फोन कानाला लावला की काही ऐकू येत नसे. स्पीकरवरच बोलावं लागे, त्यामुळे तिचं कोणतंच बोलणं घरात खाजगी नव्हतं. सत्यभामाबाईंचा फोन होता. सत्यभामाबाई लोणारकडच्या एका कॉलेजच्या ग्रंथपाल, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायच्या. जानरावांना ओळखणारी आता तेवढी एकच बाई नोकरीत उरली होती.

"मंजुश्री, अभिनंदन गं बाई! उद्या मी येणार आहे, सहाची एसटी धरून. तुझ्या बापाला किती आनंद झाला असता."

"तुम्ही कायले तरास घेता, ताई."

"त्रास कसला? माझं काम आहे तुझ्याकडं. तुझं पत्र वाचून मी पण ती सहा नियतकालिकं घेतली, दोन वर्षांची एकदम. प्राचार्य नको म्हणत होते. मी म्हटलं, मंजुश्री लिहिते म्हणजे झालं. पोरींची परीक्षेची मासिकं बंद केली त्यापायी. पण खरं सांगू का, आमच्याकडं एक पोरगी हात लावीना बघ त्याला. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. वय झालं, पहिल्यासारखं पोरींना सांगणं होत नाही. परवा तर रागवले मी त्यांना. म्हटलं, तिकडच्या पोरी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचतात, आणि तुम्हाला धड उघडून बघवत नाही? एक पोरगी रडलीच. तर तू मला उद्या जरा वेळ दे. कसं वाचायला लावतेस ते सांग. वहीच घेऊन येते मी."

दीपक हातातल्या बिल्ल्याची लाल फीत बोटाला गुंडाळत होता, सोडत होता.

"ताई," मंजुश्री म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही."

"नाही कसं? चुकलंच असणार काहीतरी."

"नाही. म्या तुम्हाले दहा मिनिटांनी फोन करते."

तिनं फोन ठेवला आणि आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. वर्षअखेरचं काम ती घरी आणून करी, म्हणून रजिस्टर घरातच होतं. ते घेऊन ती बाहेर आली, जमिनीवर बसली आणि गेल्या दोन वर्षांची पानं उघडून एकेकाचा फोटो काढू लागली. उजेडासाठी तिला दाराकडे सरकावं लागलं. प्रसेनजितनं न सांगता पाय बाजूला घेतला.

"वहिनी, काय करून राह्यल्या तुम्ही?" दीपकनं विचारलं.

फोटो चार होते. मग ती दोन्ही अंगठ्यांनी काहीतरी लिहू लागली, हळू, प्रत्येक शब्द खोडून बघत. जिल्ह्यातल्या ग्रंथपालांचा एक ग्रुप होता; त्यावर एरवी वाढदिवस आणि निवृत्तीचे फोटो येत.

"वहिनी, म्या पाया पडतो. मुलीकडचे…"

"पायाले हात लावू नका, भाऊजी. सरका, उजेड येऊ द्या."

"मंजू!" प्रसेनजित उठून उभा राहिला. "एकडाव इचार कर. त्याच्यात तुहीही बेइज्जती हाय. प्राचार्य मेमो देतीन तुले. लोक म्हणतीन, ग्रंथपाल असून कागद वाचत नाही."

"तेच लिहून राह्यली," ती म्हणाली.

लिहिलेलं तिनं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं. मग बोट ठेवलं. फोननं बारीकसा आवाज केला, रोजच्यासारखाच. दीपक भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. आठ वर्षांचा असताना पाढा चुकला की तो असाच बसे. तिचा हात त्याच्या डोक्याकडे जायला निघाला. तिनं तो रजिस्टर बंद करण्यासाठी वापरला.

बेबीताईंनी पांढरं पातळ उचलून ट्रंकेत ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं.

मंजुश्री उठली, पदर खोचला आणि तिघांकडेही न बघता म्हणाली, "ग्रुपवर टाकलं हाय. पंचेचाळीस अंक कोणी उघडले नाही, अन् त्या पत्रावर म्या न वाचता सही केली, दोन्ही लिवलं. ताईले आता फोन करतेच. सोमवारी प्राचार्याले लेखी देते. सहाही बंद, पोरींचे मासिकं परत चालू. मेमो आला तं घेईन. दीपकची नोकरी जाईन, ते मले मालूम हाय; मुलीकडच्याइले म्या सोता जाऊन सांगीन. उद्या शेगावले कोणी जात नाही. गाडीवाल्याले फोन करून नाही म्हणा."